पांढऱ्या पेशी आधीच कमी, मग प्रतिकारशक्ती आणखी दाबायची कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव भागातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय २३, घरची द्राक्षबाग बघणारा. दोन महिन्यांपूर्वी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कुठे न आपटता मांडीवर काळे-निळे डाग, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन ५.८, पांढऱ्या पेशी १४००, प्लेटलेट ९०००. बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मगजाची, तपासणी झाली आणि निदान आलं: सिव्हिअर अप्लास्टिक ॲनिमिया. डॉक्टर म्हणाले, त्याची स्वतःची इम्युनिटीच बोन मॅरोला मारते आहे, ती दाबायला घोड्यापासून केलेलं इंजेक्शन द्यावं लागेल. ताई विचारतात: पांढऱ्या पेशी इतक्या कमी असताना इम्युनिटी जास्त झाली असं कसं म्हणता? ती आणखी दाबली तर तो वाचेल कसा? घरी सगळे इम्युनिटी वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा देतायत, तो चालू ठेवायचा का? आणि हे फवारणीमुळे झालं का?

काढा आजपासून बंद. बाकीची उत्तरं लांबलचक आहेत, पण हे थांबण्यासारखं नाही.

आता पहिली शंका. तिचं उत्तर त्याच्याच रिपोर्टमध्ये आहे. पांढऱ्या पेशींच्या आकड्याखाली 'डिफरेन्शियल' म्हणून चार-पाच ओळी असतात, त्या बघा. या आजारात तिथं बहुतेक वेळा न्यूट्रोफिल वीस टक्क्यांच्या आसपास आणि लिम्फोसाइट सत्तर-ऐंशी टक्के दिसतात. निरोगी तरुणात साधारण उलटं असतं. म्हणजे १४०० पैकी न्यूट्रोफिल जेमतेम २८० आणि लिम्फोसाइट हजाराच्या वर. 'पांढऱ्या पेशी' हे एका पेशीचं नाव नाही, आडनाव आहे. घरात माणसं वेगवेगळी.

न्यूट्रोफिल जंतू खाऊन टाकतात. त्या रक्तात एक दिवससुद्धा टिकत नाहीत, त्यामुळे मॅरोने रोज ताजा माल दिला तरच पुरतात. लिम्फोसाइटचं तसं नाही. त्यातल्या कित्येक महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं जगतात. काखेतल्या-जांघेतल्या लसिकाग्रंथी, प्लीहा अशा ठिकाणी त्यांचा मुक्काम असतो, आणि गरज पडली की त्या तिथंच दुणावतात. मॅरो बंद पडला तरी त्यांचं लगेच काही अडत नाही. तुमच्या भावाच्या अंगात कमी पडल्यात त्या न्यूट्रोफिल. बिथरल्यात त्या लिम्फोसाइटमधल्या टी पेशी. इंजेक्शन या दुसऱ्यांसाठी आहे. 'इम्युनिटी जास्त झाली' हे शब्द मी स्वतः रुग्णांपुढे वापरत नाही, कारण त्यातूनच हा घोळ होतो. प्रतिकारशक्ती काही पाण्याची टाकी नाही, की भरली, रिकामी झाली असं म्हणावं. तिच्यातल्या एका टोळीने चुकीचं घर गाठलंय, एवढंच.

ते घर कोणतं, हे तुम्हाला बागेच्या भाषेत सांगता येईल. हाडांच्या पोकळीतला लाल मगज म्हणजे रोपवाटिका. तिथं थोड्याशा मूळपेशी असतात, त्यांना आम्ही स्टेम सेल म्हणतो. त्या बियाण्यापासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं उगवतं. निरोगी माणसात दिवसाला सुमारे २० हजार कोटी लाल पेशी नव्याने तयार होतात. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवस, लाल पेशीचं १२० दिवस. म्हणून बियाणं संपलं की रक्तस्राव आणि ताप आधी दिसतो, फिकटपणा सावकाश येतो. तुमच्या भावाला आधी हिरड्यांतून रक्त आलं आणि धाप नंतर लागली, ते यामुळेच.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'हायपोसेल्युलर' आणि 'फॅट' असे शब्द असतील. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो रिकामा दिसतो, आणि पेशींच्या जागी चरबीचे पांढरे गोळे भरलेले. कॅन्सरच्या पेशी नाहीत, गाठी नाहीत. पडीक रान. 'सिव्हिअर' हा शब्द आम्ही १९७६ साली ठरलेल्या निकषांवरून लावतो: मॅरोत पेशी पंचवीस टक्क्यांहून कमी, आणि न्यूट्रोफिल ५०० खाली, प्लेटलेट २०,००० खाली, कोवळ्या लाल पेशी फार कमी, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली गेल्या तर 'व्हेरी सिव्हिअर'. वर म्हटलेली टक्केवारीच तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्ये असेल तर तो त्या दुसऱ्या रेषेच्या जरासा वर आहे.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अप्लास्टिक ॲनिमिया नसणार. तिन्ही पेशी कमी दिसल्या की आपल्याकडे आधी बी-१२ आणि फोलिक ॲसिडची कमतरता शोधायची. विशेषतः शाकाहारी घरांत ती खूप सापडते, रक्ताचे आकडे तितकेच भीतीदायक दिसतात आणि स्वस्तातल्या इंजेक्शनांनी माणूस काही आठवड्यांत उभा राहतो. तिथं मॅरो रिकामा नसतो, उलट गच्च भरलेला असतो. पेशी पिकण्याआधीच मरतात. बायोप्सीशिवाय 'अप्लास्टिक' हा शब्द कोणी उच्चारला तर दुसरं मत घ्या.

बियाणं गेलं हे कळलं. पण ते प्रतिकारशक्तीनेच खाल्लं हे कशावरून? मला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि तुमच्या डॉक्टरांना ओपीडीत तो सांगायला वेळ मिळाला नसणार.

१८८८ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी एका तरुण गरोदर बाईचं शवविच्छेदन नोंदवलं. ताप, रक्तस्राव, काही दिवसांत मृत्यू, आणि हाडांत लाल मगजाऐवजी चरबी. त्यानंतर कित्येक दशकं समज असा होता की हा आजार विषबाधेचा आहे. त्यात तथ्य होतंच. बेंझिनच्या कारखान्यातले कामगार, क्लोरॅम्फेनिकॉल घेतलेले काही रुग्ण यांच्यात तो दिसायचा. १९३४ मध्ये मारी क्युरी गेल्या त्यासुद्धा अप्लास्टिक ॲनिमियानेच, आणि त्यांच्या बाबतीत दोष किरणोत्साराचा मानला जातो. किरणोत्सार बियाणं थेट जाळतो, तिथं टी पेशींचा संबंध नाही.

मग पॅरिसमध्ये जॉर्ज माते या डॉक्टरांना एक विचित्र अनुभव आला. ते अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांना दुसऱ्याचा मॅरो देत होते. परका मॅरो टिकावा म्हणून आधी लिम्फोसाइट मारणारं सिरम टोचत. १९७० मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यातली गंमत अशी, की दिलेला मॅरो काही जणांत रुजलाच नाही, पण रुग्णाचा स्वतःचा मॅरो परत उगवला. पाहुण्यासाठी अंगण झाडलं, पाहुणा आलाच नाही, आणि कोपऱ्यात वाळलेलं आपलंच रोप हिरवं झालं. फायदा झाला होता तो झाडण्याचा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये ब्रुनो श्पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पकडला आणि १९७७ मध्ये हे सिरम उपचार म्हणून वापरल्याचे निकाल पुढे आले. आज तुमच्या भावाला जे सुचवलंय त्याचं मूळ तिथं आहे.

दुसरा पुरावा एकसारख्या जुळ्यांचा. रुग्णाला अगदी एकसारखं जुळं भावंड असेल तर त्याचा मॅरो परका नसतोच. मग नुसतं बी पेरलं की उगवायला हवं. काही रुग्णांत तसं झालंही. पण बऱ्याच जणांत नुसतं पेरलेलं बी पुन्हा मेलं. त्यांनाच नंतर लिम्फोसाइट मारणारी जोरदार औषधं देऊन, त्याच जुळ्याकडून पुन्हा मॅरो दिला तेव्हा तो रुजला. माती खराब असती तर दुसऱ्यांदाही उगवलं नसतं. बी खराब म्हणावं तर ते निरोगी जुळ्याकडून आलेलं. उरतं ते रानात शिरलेलं जनावर. खरं सांगायचं तर मला स्वतःला हा एकच पुरावा पुरेसा वाटतो. बाकीचं तपशील भरणं आहे.

तो तपशील मुख्यतः अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नील यंग यांच्या गटाने आणि इतरांनी १९८० नंतर भरत आणला. या रुग्णांच्या रक्तात आणि मॅरोत मारेकरी टी पेशींचे मोजके वंश फोफावलेले असतात, एकाच मूळ पेशीची पिल्लावळ असावी तसे. सर्वसाधारण जंतुसंसर्गात इतका एकसुरीपणा नसतो. या पेशी गॅमा इंटरफेरॉन आणि टीएनएफ नावाची रसायनं सोडतात. त्यांमुळे मूळपेशींची वाढ अडते, शिवाय त्यांच्या अंगावर 'फास' नावाचं एक बटण उघडं पडतं. ते दाबलं गेलं की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही या रुग्णांत कमी सापडतात. राखणदारच जागेवर नाही.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र वाचलेल्या पेशी देतात. अप्लास्टिक ॲनिमियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत काही पेशी अशा सापडतात, की त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं अडकवायचा एक आकडाच गायब असतो. पिग-ए नावाच्या जनुकात बिघाड झाला की असं होतं. या पेशींना आम्ही पीएनएच क्लोन म्हणतो. निरोगी माणसातही अशी एखाददुसरी पेशी असते, पण ती तशीच पडून राहते. इथं ती वाढते, कारण आजूबाजूच्या मरतात आणि हिला हल्लेखोर सोडून देतात. जपानमध्ये कानाझावाच्या संशोधकांनी आणखी एक नमुना दाखवला: काही रुग्णांच्या पेशींनी सहाव्या गुणसूत्राचा तुकडा असा बदललेला असतो, की त्यांच्यावरची एचएलएची एक खूण पुसली गेलेली असते. टी पेशी सावज ओळखतात ते याच खुणेवरून. अवर्षणानंतर रानात कोणतं गवत टिकलं यावरून पाणी कुठे होतं ते म्हातारी माणसं सांगतात ना, तसंच हे. कोण वाचलं त्यावरून कोणी मारलं ते कळतं.

म्हणून भावाच्या फाइलमध्ये 'पीएनएच फ्लो सायटोमेट्री' नावाची तपासणी झाली आहे का ते बघा. छोटा क्लोन सापडला तर घाबरू नका. उलट माझ्यासारख्याला जरा हायसं वाटतं, कारण आजार प्रतिकारशक्तीचाच आहे आणि औषधाला दाद देण्याची शक्यता चांगली आहे असा त्याचा अर्थ. क्लोन मोठा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं लाल पेशी फुटणं आणि रक्ताच्या गुठळ्या होणं यावर लक्ष ठेवावं लागतं.

आता ते घोड्याचं इंजेक्शन. नाव अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन, वॉर्डात सगळे एटीजी म्हणतात. सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तातून करतात हे आपल्याकडे हाफकिनमुळे पुष्कळांना माहीत आहे. तत्त्व तेच. घोड्याला विषाऐवजी माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या टी पेशी टोचतात, त्याच्या रक्तात टी पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती शुद्ध करून वापरतात. नेहमीचा डोस दर किलो वजनाला दिवसाला ४० मिलिग्रॅम, सलग चार दिवस, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून तासन्‌तास संथपणे. आधी त्वचेवर चाचणी. पहिल्या दिवशी हुडहुडी भरून ताप येतो, अंगावर गांधी उठतात, प्लेटलेट आणखी घसरतात म्हणून त्या चढवत राहाव्या लागतात. नातेवाईक त्या रात्री हादरतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सांधे दुखणं, पुरळ, पुन्हा ताप असा एक फेरा येतो. ते परक्या प्रथिनावरचं शरीराचं उत्तर असतं, त्यासाठीच सोबत काही आठवडे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडचं इथलं काम तेवढंच. नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने ठेवलेले रुग्ण आमच्याकडे येतात, बुरशीचा संसर्ग घेऊन. एकट्या स्टेरॉइडने हा आजार बरा होत नाही.

सशापासून केलेलंही एटीजी असतं आणि ते जास्त तीव्र मानलं जायचं, म्हणून चांगलं असेल असा अंदाज होता. २०११ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत १२० रुग्ण निम्मे-निम्मे वाटून दोन्ही वापरली. सहा महिन्यांनी दाद देणारे घोड्याच्या एटीजीत ६८ टक्के, सशाच्या ३७ टक्के. ताकद जास्त म्हणजे गुण जास्त असं नसतं. तुम्हाला सांगताना तुमच्या डॉक्टरांनी 'घोडा' म्हटलंय, ते बरोबरच आहे.

एटीजीबरोबर सायक्लोस्पोरिन नावाची कॅप्सूल सुरू होते. एटीजी टोळी पांगवतं, सायक्लोस्पोरिन ती पुन्हा जमू देत नाही. याची रक्तातली पातळी मोजून डोस ठरतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), रक्तदाब, मॅग्नेशियम बघावं लागतं. हात थरथरतात, हिरड्या सुजतात, अंगावर केस वाढतात. पपनस खाऊ देऊ नका, त्याने औषधाची पातळी चढू शकते. कोकणातले पाहुणे गणपतीत हमखास घेऊन येतात म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडे सुधारले की ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती महिनोन्‌महिने चालते आणि मग अगदी सावकाश उतरवतात. टोळी संपलेली नसते, दबलेली असते. घाईने औषध थांबवलेला रुग्ण पुन्हा ५००० प्लेटलेट घेऊन येतो, तेव्हा घरच्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

तिसरं औषध एल्ट्रोम्बोपॅग. हे मुळात प्लेटलेट वाढवण्यासाठी आलं. ते थ्रॉम्बोपोएटिन या संप्रेरकाच्या जागी काम करतं, आणि अप्लास्टिक ॲनिमियात ते संप्रेरक तर आधीच भरमसाट असतं. मग आणखी देऊन काय होणार, असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. पण २०१२ मध्ये एटीजीला दाद न दिलेल्या २५ रुग्णांपैकी ११ जणांत निदान एका प्रकारच्या पेशी सुधारल्या, काहींत तर एकाहून जास्त प्रकारच्या. पुढे कारण कळलं तेव्हा गोष्ट पुन्हा प्रतिकारशक्तीवरच आली: गॅमा इंटरफेरॉन त्या संप्रेरकाला चिकटतं आणि त्याला आपल्या खाचेत नीट बसू देत नाही. एल्ट्रोम्बोपॅग दुसऱ्याच जागी बसतं, त्यामुळे इंटरफेरॉन त्याला अडवू शकत नाही. युरोपातल्या १९७ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. सहा महिन्यांनी दाद देणारे एटीजी आणि सायक्लोस्पोरिनवर ४१ टक्के, त्यात एल्ट्रोम्बोपॅग घातल्यावर ६८ टक्के. ही गोळी दुधाबरोबर घेतली की वाया जाते. दूध, दही, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी हिच्या निदान चार तास आधी किंवा दोन तास नंतर चालेल. आपल्याकडे सकाळची गोळी चहाच्या घोटाबरोबर घ्यायची सवय असते आणि चहा दुधाचाच असतो. 'औषध लागू पडत नाही' म्हणून आलेल्या एका रुग्णाचं कोडं माझ्याकडे एका कपबशीनेच सुटलं होतं.

या सगळ्याला वेळ लागतो. टी पेशी आवरल्या तरी बियाण्याच्या चार दाण्यांतून बाग उभी राहायला तीन ते सहा महिने जातात. पहिले तीन महिने आकड्यांत काही दिसलं नाही तरी उपचार फसला असं समजू नका. तेवढा काळ रक्त, प्लेटलेट आणि जंतुसंसर्गापासून बचाव यावर काढायचा असतो. खरी कसोटी तिथंच.

म्हणून घरच्या गोष्टी. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजताही थेट हॉस्पिटल, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक. गावातल्या डॉक्टरांकडे कमरेत इंजेक्शन अजिबात नको, ९००० प्लेटलेटला तिथं नारळाएवढी रक्ताची गाठ होते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. मऊ ब्रश. मातीत हात, जुनं गवत, खताचा ढीग, घराचं चालू बांधकाम यांपासून लांब, कारण बुरशीचे कण तिथून फुप्फुसात जातात. खाण्यावरून मात्र घरात भांडणं नकोत. ताजं शिजवलेलं, घरचं, उकळलेलं पाणी, एवढं पुरे. पपईच्या पानांचा रसही बंद. डेंग्यूत प्लेटलेट आपोआप चढतात आणि श्रेय रसाला मिळतं. इथं कारखानाच बंद आहे. 'पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन' म्हणून जे मिळतं त्याचंही तेच, बी नाही तिथं खत घालून काय उगवणार?

गुळवेलीचं कारण सांगायचं राहिलं. ती प्रतिकारशक्तीला चालना देते असा तिचा लौकिक. टी पेशी आधीच पेटलेल्या माणसाला ती चालना कशाला? शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांत यकृताला ऑटोइम्यून धर्तीची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅग दोन्हींसाठी मला त्याच्या यकृतावर डोळा ठेवावा लागणार आहे, त्यात तिसरा पाहुणा नको. आणि या आजाराचं यकृताशी आधीच एक जुनं नातं आहे: काही तरुणांत कावीळ होऊन जाते, नेहमीच्या हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह येतात, आणि दोन-तीन महिन्यांनी मॅरो बंद पडतो. यकृतावर गेलेल्या टी पेशी मॅरोकडे वळल्या असाव्यात असं मानतात. भावाला गेल्या सहा महिन्यांत कावीळ झाली होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

फवारणी. थायलंडमध्ये मोठा अभ्यास झाला, तिथं ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांशी या आजाराचा संबंध आढळला, पण एकूण रुग्णांतले थोडेच त्याने समजावता आले. आशियात हा आजार युरोपच्या दोन-तीन पट दिसतो. युरोपात दहा लाखांत वर्षाला साधारण दोन रुग्ण. बहुतेकांत नेमकं कारण हाती लागत नाही. तुमच्या भावाला फवारणीनेच झालं असं कोणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका. बागेच्या निर्णयावरून वडील स्वतःला दोष देत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा. त्याने मात्र इथून पुढे पंपाला हात लावायचा नाही.

प्रतिकारशक्ती दाबायचं ठरवण्यापूर्वी एक फाटा तपासावाच लागतो. काही जणांत मॅरो जन्मतःच कमकुवत असतो आणि तिथं टी पेशी निर्दोष असतात. फॅन्कोनी ॲनिमिया त्यातला मुख्य. उंची कमी, अंगठ्यात दोष, अंगावर कॉफीच्या रंगाचे चट्टे अशा खुणा असू शकतात, नसूही शकतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अजून आहे, आई-वडील नात्यातले असतील तर ते सांगायला लाजू नका. गुणसूत्र तुटण्याची एक रक्ततपासणी असते, या वयात ती झालीच पाहिजे. घराण्यात कोणाचे केस विशीतच पिकले, कोणाला दारू न पिता सिरॉसिस किंवा फुप्फुसं कडक होण्याचा आजार झाला असं असेल तर टेलोमिअरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांचीही तपासणी. अशा रुग्णाला एटीजी दिलं तर धोका सगळा, फायदा जवळजवळ नाही.

आणि आता तुमच्या प्रश्नात नसलेली गोष्ट. तुमची एचएलए तपासणी, म्हणजे पेशींवरच्या त्या खुणा भावाशी जुळतात का हे बघणारी, झाली का?

चाळिशीच्या आतल्या रुग्णाला जुळणारं सख्खं भावंड असेल तर पहिली पसंती एटीजीला नाही, बोन मॅरो प्रत्यारोपणाला. प्रत्येक सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. जुळलं आणि वेळेत झालं तर दहांपैकी आठ-नऊ तरुण बरे होतात. त्यात नवं बियाणं येतं आणि बिथरलेल्या टी पेशीही निघून जातात, त्यामुळे आजार उलटण्याचं आणि पुढे दहा वर्षांत दहा-पंधरा टक्क्यांना होणाऱ्या एमडीएस (मॅरोत सदोष पेशी तयार होण्याचा आजार) किंवा ल्युकेमियाचं भय पुष्कळ कमी होतं. एटीजीनंतर हे दोन्ही मागे लागलेले असतात. मॅरो कमरेच्या हाडातून भूल देऊन काढतात, पाठीच्या कण्यातून नाही. काही दिवस कंबर दुखते, काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. सासरची माणसं घाबरत असतील तर त्यांना घेऊन डॉक्टरांना भेटा, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बहिणींबरोबर सासूबाई असतात.

तोवर एक पथ्य तुम्ही आणि घरच्यांनी पाळायचं. रक्तपेढीत बदली रक्त जरूर द्या, पण तुमच्यापैकी कोणाचीही पिशवी त्याला चढता कामा नये. रक्तपेढीला हे स्पष्ट सांगा. नातेवाइकांचं रक्त आधी चढलं की त्याच्या टी पेशी तुमच्या खुणा शिकून ठेवतात आणि पुढे तुमचाच मॅरो नाकारतात. त्याला मिळणारं रक्त ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) काढलेलं आणि किरणं दिलेलं (इरॅडिएटेड) असावं. तुम्ही जुळला नाहीत तर नोंदणीतले दाते आणि अर्धं जुळणारं प्रत्यारोपण हे रस्ते आहेत, पण मग बहुधा आधी घोडाच. खर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्या दिवशी भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखीव असतात, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही तेच भरून देतात.

एचएलएसाठी गालाच्या आतला फाया किंवा चमचाभर रक्त लागतं. ती आधी करा, एटीजीची तारीख नंतर ठरवा. रिपोर्ट आला की इथंच लिहा.